डिसेबिलिटी पेन्शन नाकारली? अपील लिहिण्याआधी नकाराचं पत्र नीट वाचा

सैनिकांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या नकाराच्या पत्रात एनएएनए अशी चार अक्षरं असतात. एका दमात वाचली की 'नाना' होतो. या नानाचा अर्थ असा, की तुमचा आजार फौजेच्या नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे बळावलेलाही नाही. पंधरा-वीस वर्षं वर्दीत काढलेल्या माणसाच्या डोक्यात हे वाचून तिडीक जाते, आणि त्याच तिडिकीत तो अपील लिहायला बसतो. कुठल्या साली भरती झालो, कुठे कुठे पोस्टिंग झालं, बर्फात किती दिवस काढले, घरी कोण आजारी आहे, कर्ज किती आहे. तीन पानं भरतात. ज्या एका वाक्यावर दावा फेटाळला, त्या वाक्याबद्दल मात्र तीन पानांत एक ओळ नसते.

गेली काही वर्षं मी माजी सैनिकांचे असे कागद वाचून देतो, जमेल तशी अपिलं लिहून देतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. दावा बहुतेक वेळा एकाच कारणावर फेटाळलेला असतो, आणि ते कारण मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या, कागदावर एका रकान्यात लिहिलेलं असतं. अपील त्या रकान्याला उत्तर देतं की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. हा लेख प्रामुख्याने जवान, एनसीओ आणि जेसीओंसाठी आहे. अधिकाऱ्यांच्या दाव्यांचा प्रवास थोडा वेगळा असतो, पण वाद तोच असतो.

आधी हक्काचा हिशेब

डिसेबिलिटी पेन्शनसाठी दोन अटी आहेत. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं हवं, आणि ते २० टक्के किंवा त्याहून जास्त हवं. १९६१ च्या आर्मी पेन्शन रेग्युलेशन्समधला नियम १७३ हेच सांगतो. 'आलेलं' आणि 'बळावलेलं' यांच्यामध्ये 'किंवा' आहे, हे विसरू नका. आजाराचं मूळ घराण्यात असेल, तरी फील्डच्या नोकरीत तो वाढला असेल तर हक्क शाबूत राहतो. अपिलात लोक पहिलाच मुद्दा धरून बसतात आणि दुसरा मांडायचाच राहतो.

पैशाचं गणित असं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळतो आणि टक्केवारी कमी असेल तर त्या प्रमाणात कमी होतो. समजा हवालदाराचा शेवटचा पगार ४५,००० रुपये होता. १०० टक्क्यांना १३,५०० रुपये होतात, म्हणून ३० टक्क्यांना ४,०५० रुपये. इथे ब्रॉड बँडिंग येतं. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्रानुसार ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरतात, ५० ते ७५ ची ७५ आणि ७६ ते १०० ची १००. म्हणजे आपल्या हवालदाराला ६,७५० रुपये, वर महागाई सवलत. पत्राने हा लाभ फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना, म्हणजे आजारामुळे फौजेनेच घरी पाठवलेल्यांना, दिला होता. १० डिसेंबर २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने राम अवतार प्रकरणात पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू असल्याचं मान्य केलं. ज्यांना डिसेबिलिटी एलिमेंट आधीपासून मिळतो, त्यांनीही पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून बघावा. टक्केवारीच्या जागी अजून ३० किंवा ४० दिसत असेल, तर तुमची तक्रार नाना नाही, ब्रॉड बँडिंग आहे, आणि ती बरीच सोपी आहे.

स्वतः अर्ज करून लवकर पेन्शन घेतली म्हणून हक्क गेला, असं अजूनही अनेकांना वाटतं. १ जानेवारी २००६ किंवा त्यानंतर स्वेच्छेने निवृत्त झालेल्यांना, त्यांचं अपंगत्व सेवेशी जोडलेलं मान्य झालं असेल तर, २९ सप्टेंबर २००९ च्या पत्राने डिसेबिलिटी एलिमेंटचा लाभ खुला झाला आहे.

नकार कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

पत्र आलं की पहिल्यांदा पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा आणि पाकीट जपून ठेवा. मुदत पत्र हातात पडल्यापासून मोजली जाते, आणि पत्रावरची तारीख व ते गावी पोचल्याची तारीख यांत कधी कधी महिनाभराचं अंतर असतं.

मग कारण शोधा. साधारण चार प्रकार आढळतात. अपंगत्व २० टक्के किंवा जास्त, पण नाना. सेवेशी संबंध मान्य, पण टक्केवारी २० च्या खाली. संबंधही नाही आणि टक्केवारीही नाही. चौथा प्रकार दुखापतीचा: अपघात झाला तेव्हा तुम्ही ड्युटीवर नव्हता. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. टक्केवारीचा वाद कायद्याची कलमं लिहून सुटत नाही, त्यासाठी पुन्हा मेडिकल बोर्ड मागावं लागतं. नानाचा वाद पुन्हा तपासणी करून सुटत नाही, तिथे कागद आणि नियम लागतात. ज्याला नाना मिळाला आहे तो 'माझा त्रास ३० टक्क्यांहून जास्त आहे' असं लिहितो, तेव्हा अपीलही वाया जातं आणि सहा महिनेही.

बोर्ड आऊट झालेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आजारामुळे फौजेनेच तुम्हाला घरी पाठवलं आणि टक्केवारी मात्र २० पेक्षा कमी लावली, तर २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल तुमच्या कामाचा आहे. माणूस नोकरीला नालायक ठरवून काढायचा आणि त्याच वेळी त्याचं अपंगत्व किरकोळ म्हणायचं, ही विसंगती सुप्रीम कोर्टाने मान्य केली नाही. सेवेतून इनव्हॅलिड केलं, म्हणजे अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त होतं असंच धरावं लागेल, असं त्यात म्हटलं आहे.

कागद जमवा, आणि हे काम आजच सुरू करा

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६, रिलीज मेडिकल बोर्डाची किंवा इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग. 'पूर्ण' यासाठी म्हणतो, की बहुतेकांकडे त्याचं शेवटचं एकच पान असतं. त्याच्याबरोबर हवेत भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद, डिस्चार्ज बुक, पोस्टिंगचा तारीखवार तपशील, लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीमुळे खालची श्रेणी, झाल्यापासूनची कॅटेगरायझेशनची कागदपत्रं, लष्करी रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप आणि स्पेशालिस्टचं मत. दुखापत असेल तर इंजुरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष.

हे मिळवायचा खात्रीचा मार्ग माहिती अधिकाराचा. अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या केंद्रीय जन माहिती अधिकाऱ्याकडे करायचा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची, आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, सिग्नल्सचं जबलपूरला आणि ईएमईचं सिकंदराबादला आहे. अर्जात 'माझे सर्व वैद्यकीय कागद द्या' असं ढोबळ लिहू नका. एकेक कागदाचं नाव लिहा. कागद उपलब्ध नसेल तर तो का आणि कधी नष्ट केला, हेही त्याच अर्जात विचारा. जुनी कागदपत्रं ठरावीक काळानंतर नष्ट केली जातात. तसं लेखी उत्तर आलं तर तोही तुमच्या बाजूचा एक कागद होतो.

उशीर करू नका म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. १ जानेवारी २००८ नंतरच्या एन्टायटलमेंट रूल्समध्ये, म्हणजे अपंगत्व सेवेशी जोडलेलं आहे का हे ठरवणाऱ्या नियमांत, पुराव्याची जबाबदारी साधारणपणे सैनिकावर नाही. पण निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला, तर ती त्याच्यावर येते. सोळाव्या वर्षी केलेला तोच दावा कितीतरी जड होऊन बसतो.

बोर्डाचा कागद कसा वाचायचा

एएफएमएसएफ-१६ हातात आला की आडवी रेघ ओढून पोस्टिंगचा आलेख काढा. वर जागा आणि तारखा, खाली आजाराच्या तारखा. पहिल्यांदा त्रास कधी झाला, निदान कधी झालं, कॅटेगरी कधी खाली आली. हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि अपिलातला निम्मा युक्तिवाद त्यातूनच बाहेर येतो.

मग बोर्डाच्या मताचा तक्ता पहा. प्रत्येक आजारापुढे तीन प्रश्न असतात: सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, सेवेशी संबंध नाही का. त्यापुढे सविस्तर कारण लिहायची जागा असते. त्या जागेत काय लिहिलंय ते शब्दशः उतरवून काढा. तिथे बहुधा असं काहीतरी असतं: आजाराची सुरुवात पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) झाली, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा काउंटर इन्सर्जन्सीच्या पोस्टिंगशी वेळेचा जवळचा संबंध नाही. रक्तदाब असेल तर डॉक्टरांच्या मार्गदर्शक पुस्तिकेचा, म्हणजे गाइड टू मेडिकल ऑफिसर्सचा, परिच्छेद ४३, मधुमेह असेल तर २६, हृदयविकार असेल तर ४७, यांचा हवाला दिलेला असतो. हृदयविकारात आजाराआधीच्या १४ दिवसांत काय ड्युटी होती, याचा युनिटकडून आलेला तक्ता लागतो. तो जोडलेलाच नसेल, तर बोर्डाने अपुऱ्या माहितीवर मत दिलं, हा मुद्दा तयार आहे.

कधी कधी रकान्यात एकच शब्द सापडतो: 'कॉन्स्टिट्यूशनल', म्हणजे मुळात शरीराच्या घडणीतलाच आजार. कधी तर फक्त 'नो'. असा कोरा नकार दिसला की मला जरा हायसं वाटतं, कारण तिथे भांडायला जागा आहे. बोर्डाने कारणं द्यायला हवीत, कारणाशिवाय मत टिकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं आणि २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. प्रकरणात पुन्हा सांगितलं.

टक्केवारीच्या बाबतीत एक गैरसमज दूर करतो. दोन आजारांचे ३० आणि ३० मिळून ६० होत नाहीत. बोर्ड एकत्रित टक्केवारी वेगळी काढतं आणि ती बेरजेपेक्षा कमी असते. मात्र दोनपैकी एकच आजार सेवेशी जोडलेला मानला असेल, तर त्या एकट्याची टक्केवारी किती धरली आहे, ते पीपीओशी ताडून पहा.

धरमवीर सिंग निकाल: तो कुठे चालतो आणि कुठे नाही

धरमवीर सिंग सिग्नल कोअरमध्ये १९८५ साली भरती झाला आणि १९९४ मध्ये फिट्सच्या आजाराने बोर्ड आऊट झाला. अपंगत्व २० टक्के, मत नाना. २ जुलै २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यातली साखळी समजून घ्या, कारण तीच तुमच्या अपिलाचा कणा असेल. भरतीच्या वेळी कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं गृहीत धरायचं. पुढे आजारामुळे तो बाहेर पडला, तर तो आजार सेवेमुळे झाला असं धरायचं. सिद्ध करायची जबाबदारी सैनिकावर नाही, आणि संशयाचा फायदा त्यालाच. हा आजार भरतीच्या तपासणीत सापडणं शक्यच नव्हतं असं बोर्डाचं म्हणणं असेल, तर ते का, हे बोर्डाने लिहायला हवं. १३ फेब्रुवारी २०१५ च्या राजबीर सिंग निकालाने हीच भूमिका पुढे नेली.

पण या निकालाचं नाव लिहिलं की काम झालं, असं मुळीच नाही. नरसिंग यादव प्रकरणात ३ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने स्किझोफ्रेनियाचा दावा मान्य केला नाही. असे मानसिक आजार भरतीच्या वेळी उघड दिसत नाहीत, त्यामुळे भरतीत नोंद नव्हती एवढ्यावरून सेवेचा संबंध लावता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. सरकारी वकील हा निकाल पुढे करतातच. म्हणून मानसिक आजाराच्या अपिलात पोस्टिंग, ड्युटी, युनिटमधली घटना आणि पहिल्या लक्षणाची तारीख यांचा दुवा जोडून दाखवावाच लागतो.

दुखापतीच्या बाजूला २०११ चा जुझार सिंग निकाल माहीत असू द्या. वार्षिक रजेवर असताना स्कूटरचा अपघात झाला, आणि त्याचा लष्करी सेवेशी संबंध नाही असं कोर्टाने ठरवलं. रजा हा सेवेचाच काळ असतो, पण रजेतला प्रत्येक अपघात सेवेमुळे झालेला ठरत नाही. गावी शेतात ट्रॅक्टर उलटून पाय मोडला असेल, तर मी माणसाला स्पष्ट सांगतो की आशा कमी आहे. रजेवर जाताना किंवा परत युनिटला येताना, ठरलेल्या मार्गावर अपघात झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा रेल्वे वॉरंट, मूव्हमेंट ऑर्डर, तिकीट, एफआयआर, जे असेल ते काढा.

जुन्या फाइलींत आणखी एक प्रकार सापडतो. मेडिकल बोर्डाने सेवेचा संबंध मान्य केलेला असतो आणि तेव्हा अलाहाबाद म्हटल्या जाणाऱ्या प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातल्या वैद्यकीय सल्लागाराने, रुग्णाला न बघताच, तो खोडलेला असतो. माजी सॅपर मोहिंदर सिंग प्रकरणात १४ जानेवारी १९९३ ला सुप्रीम कोर्टाने हे चुकीचं ठरवलं. प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या बोर्डाचं मत असं टेबलावर बसून बदलता येत नाही. तुमच्या फाइलीत अशी खाडाखोड दिसली तर केस बळकट आहे.

कोणते नियम लागू होतात, ते बाहेर पडल्याच्या तारखेवर ठरतं. २००७ अखेरपर्यंत १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स, १ जानेवारी २००८ पासून २००८ चे, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून २०२३ चे. २०२३ च्या नियमांत भाषा बदलली आहे आणि जे इनव्हॅलिड न होता निवृत्त होतात त्यांच्यासाठी 'इम्पेअरमेंट रिलीफ' असा नवा शब्द आला आहे. २०२४ मध्ये पेन्शनी आलेल्या माणसाने मित्राचं २०१६ चं अपील जसंच्या तसं उतरवलं, तर त्यातला नियम क्रमांकच चुकीचा असेल.

पहिलं अपील

हे तुमच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपील समितीकडे जातं. मुदत नकाराच्या पत्रातच लिहिलेली असते, सहसा सहा महिने. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, दोन पानांत बसवा, आणि स्पीड पोस्टने पाठवून पावती ठेवा. मुदत उलटली असेल तरी पाठवाच. उशिराचं खरं कारण वेगळ्या परिच्छेदात लिहा.

मी ज्या क्रमाने लिहितो तो सांगतो. वर नंबर, रँक, नाव, युनिट, भरती आणि डिस्चार्जची तारीख, नकाराच्या पत्राचा क्रमांक. मग एकच वाक्य: कोणता आदेश रद्द करून काय हवं आहे. मग नकाराचं कारण अवतरणात, जसंच्या तसं. त्याखाली उत्तर.

रक्तदाबाचं उदाहरण घेऊ. जवान २००४ मध्ये शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, कॅटेगरीत भरती झाला. २०१२ ते २०१४ जम्मू-काश्मीरमध्ये फील्डला होता. २०१४ मध्ये पीस स्टेशनला आला, २०१५ च्या सुरुवातीला रक्तदाब सापडला, २०२१ मध्ये डिस्चार्ज, ३० टक्के, आयुष्यभरासाठी, नाना. कारण: सुरुवात पीस स्टेशनला. उत्तर असं लिहीन. भरतीच्या कागदात आजाराची नोंद नाही, प्रत जोडली आहे. निदान पीस स्टेशनला झालं ही निदानाची जागा आहे, आजार तिथेच सुरू झाला असा त्याचा अर्थ होत नाही. फील्डची दोन वर्षं आणि निदान यांत काही महिन्यांचं अंतर आहे, पोस्टिंगचा तक्ता जोडला आहे. घराण्यात कुणाला रक्तदाब आहे, वजन जास्त होतं किंवा व्यसन होतं, असं बोर्डाने कुठेही नोंदलेलं नाही. आजार सेवेमुळे झाला हे मान्य नसेल, तर तो सेवेमुळे वाढला का, या प्रश्नाला बोर्डाने कारणासह उत्तरच दिलेलं नाही. यानंतर २००८ च्या नियमांचा उल्लेख, धरमवीर सिंग निकालाचा उल्लेख, आणि शेवटी मागणी: ३० टक्के डिसेबिलिटी एलिमेंट, ब्रॉड बँडिंगने ५० टक्के, डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवसापासून, थकबाकीसह. ब्रॉड बँडिंगची मागणी याच अपिलात करा. नंतर त्यासाठी वेगळी फेरी मारावी लागते.

वजन खरोखरच जास्त असल्याची नोंद कागदात असेल, तर वरचं वाक्य अर्थातच लिहायचं नाही. कागद समितीसमोर असतात. एक खोटं वाक्य बाकीच्या नऊ खऱ्या वाक्यांना खाली ओढतं.

वाद टक्केवारीचा असेल तर याच अपिलात पुन्हा मेडिकल बोर्ड मागा आणि आजार वाढल्याचे अलीकडचे रिपोर्ट जोडा. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्याचा धोका इथे आहे, कारण नवं बोर्ड टक्केवारी कमीही करू शकतं. कायमस्वरूपी अपंगत्वाला एकदा आयुष्यभरासाठी टक्केवारी मिळाली असेल, तर दर काही वर्षांनी फेरतपासणी करायची पद्धत २००१ च्या पत्राने बंद केली आहे. तुम्ही स्वतः मागितल्याशिवाय ती उघडत नाही.

दुसरं अपील, आणि उत्तरच न येणं

पहिलं अपील फेटाळलं तर दुसरं अपील पेन्शनच्या द्वितीय अपील समितीकडे, पुन्हा सहा महिन्यांत. मजकूर तोच पाठवू नका. पहिल्या समितीने नवं काही म्हटलं असेल तर त्याला उत्तर द्या. काहीच म्हटलं नसेल, तर आमच्या अमुक मुद्द्याचा विचारच झाला नाही, हे ठासून लिहा.

प्रत्यक्षात अनेकदा उत्तरच येत नाही. तेव्हा वर्षानुवर्षं वाट बघत बसायची गरज नाही. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल कायदा २००७ च्या कलम २१ प्रमाणे आधी उपलब्ध मार्ग वापरावे लागतात, पण अर्ज करून सहा महिने झाले आणि आदेश आला नाही, तर मार्ग वापरून झाला असं धरतात. कलम २२ प्रमाणे अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत, किंवा उत्तर न आल्यास ते पहिले सहा महिने संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत ट्रिब्युनलकडे, म्हणजे सैन्यदलांच्या खास न्यायाधिकरणाकडे, जायचं. उशीर झालाच, तर माफीचा वेगळा अर्ज जोडता येतो. पेन्शनच्या बाबतीत ट्रिब्युनल त्याकडे बरंच सहानुभूतीने बघतं, कारण पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालात थकबाकी दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित ठेवली गेली. दहा वर्षं गप्प बसून मग आलात, तर पहिल्या सात वर्षांच्या पैशांवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

ट्रिब्युनलची पायरी

ट्रिब्युनलचं मुख्य खंडपीठ दिल्लीत आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा मुंबई खंडपीठाकडे येतात. रेकॉर्ड बेळगावला किंवा जबलपूरला असलं तरी निवृत्त सैनिक जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करता येतो, म्हणून साताऱ्याच्या माणसाने मुंबईला जायचं. समोर एक न्यायिक सदस्य आणि एक लष्करातून निवृत्त झालेले ज्येष्ठ अधिकारी असतात. अर्जाला ओरिजिनल ॲप्लिकेशन म्हणतात, बोलीत ओए.

स्वतः उभं राहून केस चालवता येते, कायदा आडवा येत नाही. तरी ब्रॉड बँडिंगची साधी केस सोडली, तर वकील घ्या असंच मी सांगेन. फक्त थकबाकीत टक्का मागणाऱ्या एजंटांपासून सांभाळा. कोरे कागद, वकीलपत्र आणि चेकवर एकाच बैठकीत सही मागणारा माणूस भेटला, तर चहा पिऊन घरी या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी चौकशी करा. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०२५ मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदतीची सोय केली आहे.

ट्रिब्युनलमध्ये नवी कहाणी चालत नाही. अपिलात जो मुद्दा घेतला नाही तो इथे पहिल्यांदा काढला, की समोरून हरकत येते. म्हणून पहिलं अपील लिहितानाच ट्रिब्युनल डोळ्यासमोर ठेवायचं.

ट्रिब्युनलचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. तुमच्याच आजाराचे, तुमच्याच खंडपीठाचे, अलीकडचे चार-पाच निकाल शोधा. वाचताना नाव आणि शेवटचा परिच्छेद बघून थांबू नका. मध्ये जिथे बोर्डाचं कारण उतरवलेलं असतं, ते वाचा आणि तुमच्या रकान्याशी जुळतं का बघा. अर्ज मान्य झालेले निकाल सगळेच वाचतात. फेटाळलेले दोन तरी वाचा. सरकारी बाजू तुमच्याविरुद्ध काय म्हणणार, ते तिथे आयतं लिहिलेलं असतं.

ट्रिब्युनलने अर्ज फेटाळला तर सुप्रीम कोर्टाचा रस्ता अरुंद आहे. त्यासाठी सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असावा लागतो. हायकोर्टात रिट करता येतं की नाही यावर बरीच वर्षं घोळ होता. २१ मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालाने तो मिटवला. हायकोर्टाचा राज्यघटनेच्या कलम २२६ खालचा अधिकार कायम आहे. अर्थात हा दरवाजा सरकारलाही उघडा आहे, म्हणजे तुम्ही जिंकलात तरी समोरचा पक्ष हायकोर्टात जाऊ शकतो.

निकाल हातात पडल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि शेवटचा परिच्छेद पेन्सिल घेऊन वाचा. टक्केवारी किती, ब्रॉड बँडिंग दिलं का, आयुष्यभरासाठी की ठरावीक काळासाठी, कुठल्या तारखेपासून, किती महिन्यांत, आणि उशीर झाल्यास व्याज किती. यातलं काही राहून गेलं असेल तर लगेच वकिलाला सांगा. लेखनातली चूक तेव्हाच दुरुस्त होते. प्रत रेकॉर्ड ऑफिसला स्वतः पाठवा, वकिलाने पाठवली असेल असं समजून बसू नका.

दिलेली मुदत उलटली आणि हालचाल नसेल, तर त्याच खंडपीठात अंमलबजावणीचा अर्ज टाकता येतो. अनेक केसेसमध्ये पैसे हा अर्ज पडल्यानंतरच हलतात, हे कटू असलं तरी अनुभवाचं आहे.

शेवटी दुरुस्त पीपीओ निघतो, ज्याला कॉरिजेंडम पीपीओ म्हणतात, आणि तो संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठीच्या स्पर्श पोर्टलवर दिसतो. तिथे आधार, बँक खातं आणि हयातीचा दाखला अद्ययावत नसेल तर सगळं जिंकूनही रक्कम अडकते. पीपीओतली टक्केवारी आदेशाशी ताडून पहा. डिसेबिलिटी एलिमेंटवर महागाई सवलत लागली आहे का पहा. थकबाकीची बेरीज स्वतः मांडा, जमत नसेल तर गावातल्या एखाद्या निवृत्त क्लार्क साहेबांकडे घेऊन जा. केस चालू असताना सैनिक वारला, तर दावा तिथेच संपत नाही. त्याची पत्नी वारस म्हणून नाव लावून केस पुढे नेऊ शकते, आणि त्याच्या हयातीपर्यंतची थकबाकी तिला मिळू शकते. त्यासाठी डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत पत्नीचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, हे आज संध्याकाळीच काढून बघा. लग्नाआधीचं नाव, आधारवरचं नाव आणि फौजेच्या कागदावरचं नाव अशी तीन वेगळी नावं मी कितीतरी घरांत पाहिली आहेत, आणि ती दुरुस्त करायला सैनिक स्वतः रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करू शकतो तोवर काम सोपं असतं.